छऱ्याच्या रायफलीवर होलोग्राफिक साइट: घ्यावी की नको?

कुळागरकार, वाळपई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय.

माझ्याकडे ०.१७७ ची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची, स्प्रिंगवाली छऱ्याची रायफल आहे. नळी मोडून भरायची, साधी. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वरच्या अंगाला दरड आहे, तिच्यापुढे वाळूची पोती रचून वीस मीटरची रेंज केली आहे. रविवारी सकाळी मी आणि माझी मुलगी (नववीत आहे) तिथे तास-दीड तास बसतो. माकडं, रानडुकरं यांच्यावर रोखायची नाही, हा घरचा नियम. कागद आणि रिकामे डबे, एवढंच.

अडचण माझ्या डोळ्यांची आहे. सत्तेचाळीस पूर्ण झाली. मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) आणि लांबचा कागद या तिघांपैकी आता एका वेळी एकच धड दिसतं. वडिलांनी मला याच पोत्यांपुढे नेम धरायला शिकवलं होतं, आणि आता मुलीला शिकवताना मलाच माशी धुरकट दिसते, याचं फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात एका दुकानात ‘होलोग्राफिक साइट’ (रायफलीवर बसवायचं नेम धरण्याचं साधन) बघितली. चौकोनी काच, आत लाल वर्तुळ, मध्ये ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं. इतकं स्वच्छ कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. किंमत साडेचार हजार. एक बटण दाबलं की लाल वर्तुळ हिरवं होतं. घेऊ का? आणि तीच मुलीला चालेल का? तिला पुढे स्पर्धेत उतरायचं आहे.

लेन्सवाला, म्हापसा

थांबा, पैसे देऊ नका.

लाल-हिरवा दोन्ही रंग देणारं बटण आहे म्हणालात, तिथेच कळलं. ती होलोग्राफिक नाही. बाहेरचं खोकं तसं दिसतं, पण आत साधा एलईडी असतो, म्हणजे तो रेड डॉट. मी कॅमेरे दुरुस्त करतो, अशा दोन-तीन साइट उघडून बघितल्या आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

साध्या रेड डॉटमध्ये काय होतं? मागच्या बाजूला बारीक एलईडी, पुढे किंचित वाकडी काच. त्या काचेवर असा थर दिलेला असतो की फक्त लाल प्रकाश परत डोळ्याकडे येतो, बाकी सगळं आरपार दिसतं. म्हणजे ती आरशाची करामत. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ साली ही पद्धत बाजारात आणली.

होलोग्राफिकची गोष्ट निराळी. तिच्यात लेझर डायोड असतो. वर्तुळ आणि ठिपक्याचं चित्र काचेत आधीच होलोग्रामच्या रूपात कोरून ठेवलेलं असतं, आणि लेझरचा प्रकाश पडला की ते समोर दूरवर तरंगल्यासारखं उभं राहतं. होलोग्राफीची मूळ कल्पना डेनिस गाबोर यांची, त्यासाठी त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं. बंदुकीची साइट त्यातून १९९६ च्या सुमारास अमेरिकेत आली, ईओटेक कंपनीची. आजही खरी होलोग्राफिक बनवणारे मोजकेच: ईओटेक, आणि नंतर आलेली व्होर्टेक्स.

कोरलेलं चित्र एका रंगाच्या लेझरसाठीच असतं. म्हणून खऱ्या साइटीत लाल घ्या किंवा हिरवी घ्या, दोन्ही एकीत मिळत नाहीत. दुसरी खूण: खरीची पुढची काच सपाट असते. नकलीला पुढून, जरा तिरपं धरून बघा, वाकडी काच आणि आतला एलईडी चमकताना दिसेल. तिसरी: खरीतलं वर्तुळ नीट बघितलं तर ते बारीक कणांचं, रांगोळीच्या पिठासारखं दिसतं. नकलीतलं गुळगुळीत दिसतं.

निवृत्त सुभेदार, फोंडा

वाळपईकर, लेन्सवाल्यांनी साइटचं सांगितलं, मी रायफलीचं सांगतो.

स्प्रिंगची रायफल दोनदा धक्का देते. चाप ओढला की पिस्टन पुढे सुटतो आणि रायफल मागे येते. मग पिस्टन शेवटाला आपटतो आणि रायफल पुढे ढकलली जाते. मोठ्या रायफलीचा धक्का कितीही जोराचा असला तरी एकाच दिशेचा असतो, आणि बहुतेक साइट त्या हिशेबानेच बांधलेल्या असतात. हा पुढचा झटका आतल्या भागांना खिळखिळं करतो. माझ्या पुतण्याने असाच स्वस्त डॉट लावला होता. तीन आठवड्यांत ठिपका काचेच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

दुसरी गोष्ट रेल. तुमच्या रायफलीवर वर दोन उभ्या खाचा असतील, मधलं अंतर साधारण ११ मिलिमीटर. त्याला डव्हटेल म्हणतात. होलोग्राफिक बसते रुंद, आडव्या खाचांच्या पिकाटिनी रेलवर. मधे अडॅप्टर लागतो, आणि स्प्रिंगच्या झटक्याने तो अडॅप्टर मागे सरकतो. आज झिरो केलं (नेम आणि छरा एका जागी जुळवले), उद्या गेलं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, उंची. आजच्या होलोग्राफिक साइट बहुतेक सरळ दस्त्याच्या लष्करी रायफलींच्या हिशेबाने बनतात. त्यांत दस्ता नळीच्या रेषेत असतो म्हणून साइट उंच लागते. आपल्या छऱ्याच्या रायफलीचा दस्ता खाली उतरलेला. त्यावर उंच साइट चढवली की गाल दस्त्याला टेकतच नाही, हनुवटी टेकते. मी जवानांना वर्षानुवर्षं एकच सांगत आलो: गाल दर वेळी एकाच जागी बसला पाहिजे, बाकीचं नंतर.

सैन्यात मी बॅटरीची साइट वापरली आहे आणि बिनबॅटरीचीही. आपल्या स्पेशल फोर्सेसच्या इस्रायली तावोर रायफली अनेकांना माहीत असतील. त्या घराण्याच्या मेप्रोलाइटच्या मेप्रो-२१ साइटीत दिवसा बाहेरचा उजेड गोळा करणारं फायबर आणि रात्री आपोआप मंद उजेड देणारं ट्रिशियम, बॅटरी नाहीच. प्रत्येक साइट कुठल्या तरी कामासाठी जन्मते. तुमचं काम काय, ते आधी ठरवा.

पीपसाइट ताई, पणजी

मी मुलांना १० मीटर एअर रायफल शिकवते. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: होलोग्राफिक नको, रेड डॉटही नको.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) रायफल स्पर्धांत भिंग असलेली साइट चालत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे नळकांड्यात बसवलेली गोल रिंग, बस्स. अभिनव बिंद्रांचं २००८ चं सुवर्ण असो, गगन नारंग यांचं २०१२ चं कांस्य असो, की आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांचं २०२४ चं पॅरिसमधलं ५० मीटरचं कांस्य, सगळं छिद्रातून बघून मिळवलेलं आहे. सुरुवातीच्या स्पर्धांत आपल्याकडे ओपन साइट (खाच-माशी) आणि पीप साइट असे वेगळे गटही असतात. त्यामुळे तिने खाच-माशीवर घेतलेली मेहनत वाया गेलेली नाही, हे तिला जरूर सांगा.

आता आकडे बघा. १० मीटरचं आमचं अख्खं लक्ष्य ४५.५ मिलिमीटर व्यासाचं, त्यातला काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, आणि दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. होलोग्राफिकचं नेहमीचं वर्तुळ असतं ६८ एमओएचं. एमओए हे कोनाचं माप; एक एमओए म्हणजे १०० मीटरवर २९ मिलिमीटर, १० मीटरवर २.९. म्हणजे ते वर्तुळ १० मीटरवर जवळजवळ २० सेंटिमीटरचं दिसणार. लक्ष्याच्या चौपटीहून मोठं! मधला एक एमओएचा ठिपकाही दहाच्या ठिपक्याच्या सहापट होतो. ही साइट वाईट नाही. ती पटकन नेम लागावा म्हणून आहे, आणि आमचा खेळ सावकाश, श्वास मोजत खेळायचा आहे.

कुळागरकार, वाळपई

सगळ्यांचे आभार. दुकानदाराला कळवलं, नको म्हणून. मुलीला ताईंची पोस्ट वाचून दाखवली. अर्धा मिलिमीटर ऐकून ती कंपासपेटी घेऊन बसली आणि वहीवर तेवढा ठिपका काढून भिंतीला लावला.

पण माझं काय? मला स्पर्धा खेळायची नाही. मला फक्त पुन्हा नीट दिसायला हवं. खरी होलोग्राफिक कुठून तरी मागवली तर?

परदेशी पेडणेकर

मी मूळचा पेडण्याचा, सध्या टेक्ससमध्ये. माझ्याकडे खरी होलोग्राफिक आहे, इथल्या रेंजवर वापरतो. तिचं कौतुक मनापासून करतो: डोळा काचेमागे कुठेही असू दे, मागेपुढे, जरा बाजूला, ठिपका लक्ष्यावरच राहतो. काचेवर चिखल उडाला तरी उरलेल्या तुकड्यातून पूर्ण वर्तुळ दिसतं. मागे तीन पटीचं मॅग्निफायर लावलं तरी मधला ठिपका बारीक राहतो, हे मला सगळ्यात आवडतं.

आता दुसरी बाजू. लेझर बॅटरी खातो. माझ्या मॉडेलला एक छोटी लिथियम बॅटरी, मध्यम उजेडावर सुमारे हजार तास. चांगल्या रेड डॉटला कंपन्या ५०,००० तास सांगतात, म्हणजे पाच वर्षं बंदच करायची नाही. म्हणून माझी साइट आठ तासांनी आपोआप बंद होते. वजन ३०० ग्रॅमच्या वर, आणि किंमत इथेच पाचशे ते सातशे डॉलर. छऱ्याच्या रायफलीपेक्षा साइट महाग पडेल.

‘येताना एक घेऊन ये’ असं मला दोघांनी सांगून झालं आहे. मी नम्रपणे नाही म्हणतो. अशा साइटीवर अमेरिकेचे निर्यातीचे निर्बंध आहेत, आणि तुमच्याकडच्या विमानतळावर कस्टम्सला काय उत्तर देणार? सुटकेसमध्ये लपवून आणण्याची ही वस्तू नव्हे.

जुनी, वापरलेली खरी साइट कुणी देऊ करत असेल तर एक लक्षात ठेवा. २०१५ मध्ये ईओटेकच्या मूळ कंपनीने अमेरिकी सरकारशी २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन तडजोड केली. तक्रार अशी होती की कडक थंडीत आणि दमट हवेत साइट सांगितल्याप्रमाणे चालत नाही, तापमान बदललं की झिरो सरकतं. त्याआधीचा नग असेल तर फार जपून.

लेन्सवाला, म्हापसा

दमट हवेचा विषय निघाला, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. गोव्यात साइट, दुर्बीण, कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने आधी पावसाळ्याचा विचार करावा.

आधी झिरो का सरकतं ते. लेझरची तरंगलांबी तापमानाबरोबर बदलते. तरंगलांबी बदलली की होलोग्राममधून निघणाऱ्या किरणाचा कोन बदलतो, म्हणजे ठिपका हलतो. त्यावर उपाय म्हणून आत आणखी एक जाळीसारखी काच असते, ती हा बदल उलट दिशेने भरून काढते. हे सगळे भाग एकमेकांशी अगदी नेमके जुळलेले असावे लागतात, आणि आत ओल शिरली की चित्रच फिकं पडतं. एलईडीच्या साइटीत इतकी नाजूक जुळवाजुळव नसते. आपल्या हवेत मी तिला झुकतं माप देतो ते याच कारणाने.

आणि बुरशी! चतुर्थीच्या आधी दरवर्षी माझ्या टेबलावर लेन्सची रांग लागते. काचेच्या आतून पांढरे धागे पसरलेले असतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. बुरशी काचेवरचा थर खाते, आणि थर गेला की रेड डॉटची ती लाल परतवणारी करामत संपली. साफ करून धागे निघतात, खाल्लेला थर परत येत नाही. जून ते सप्टेंबर रायफलीवरची साइट कापडी पिशवीत, कपाटात, चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं तर ओल धरूनच ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेल टाका आणि शंभर-दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असला की पुरे. सिलिका जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं (ती कढई स्वयंपाकाला परत घेऊ नका).

बॅटरीसुद्धा काढून ठेवा. साधी अल्कलाइन बॅटरी आत गळली की पत्र्या हिरव्या होतात. माझ्याकडे येणाऱ्या बंद साइटींपैकी बऱ्याच तेवढ्यामुळेच बंद असतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं इलेक्ट्रॉनिक्स गेलं.

डोळ्यांची बहीण, मडगाव

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, नेमबाजीतलं काही कळत नाही, पण डोळ्यांचं कळतं. कुळागरकार दादा, तुम्हाला जे होतंय ती चाळिशी. डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं-लांबचं पटकन बदलत नाही. डॉटवाल्या साइटीत ठिपका लांबवर असल्यासारखा दिसतो, लक्ष्यही लांब, त्यामुळे डोळ्याला एकाच अंतरावर बघायचं असतं. म्हणून त्या दुकानात तुम्हाला इतकं बरं वाटलं. नकली होती तरी ती सोय खरीच होती.

पण विकत घेण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, लांबचा चष्मा तपासून घ्या. डोळ्यात सिलिंडरचा नंबर असेल तर ठिपका गोल न दिसता धूमकेतूसारखा शेपटी फुटलेला दिसतो, आणि माणूस साइट बदलत बसतो. ओळखायला सोपं: साइटीतून मोबाइलने फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष साइटीत नाही, डोळ्यात आहे. होलोग्राफिकमध्ये हा त्रास काहींना कमी जाणवतो, पण सगळ्यांना नाही. म्हणून स्वतःच्या डोळ्याने बघितल्याशिवाय कुठलीच घेऊ नका.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. काळ्या इन्सुलेशन टेपच्या तुकड्याला जाड सुईने दीड मिलिमीटरचं छिद्र पाडा. तो तुकडा चष्म्याच्या काचेवर, रायफल धरल्यावर बुबुळापुढे येईल तिथे, चिकटवा. छिद्रातून बघताना जवळचं आणि लांबचं दोन्ही एकदम स्पष्ट व्हायला लागतं, कारण प्रकाशाची फक्त मधली बारीक शलाका आत जाते. कॅमेऱ्याचं छिद्र बारीक केलं की सगळं फोकसमध्ये येतं, तसंच. करून सांगा मला.

निवृत्त सुभेदार, फोंडा

मडगावच्या ताई, तुम्ही लाखमोलाचं सांगितलंत. पीप साइटचं मर्म हेच.

कुळागरकार, तोवर मी उंचीचा हिशेब कागदावर मांडला. बिनपरवान्याची मर्यादा २० जूल. ०.५४ ग्रॅमच्या छऱ्याला ते म्हणजे सेकंदाला फार तर २७० मीटर. साइट नळीपासून साडेसहा सेंटिमीटर वर, झिरो वीस मीटरला. तर दहा मीटरवर छरा ठिपक्याच्या जवळपास अडीच सेंटिमीटर खाली लागतो. साइट चार सेंटिमीटरवर असेल तर तोच फरक सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येतो. डबा मारताना चालून जातं, दहा मीटरच्या कागदावर नाही. म्हणून डॉट घेतलाच तर सगळ्यात बुटका घ्या, आणि खोक्यावर स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

कुळागरकार, वाळपई

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. पाऊस धरून होता. काल उघडीप मिळाली.

टेपचा तुकडा लावला, रायफल उचलली आणि माशी दिसली. तिच्या कडा दिसल्या. पलीकडे कागद दिसला. मी रायफल खाली ठेवली आणि दोन मिनिटं नुसता बसलो. मुलगी विचारते, ‘बाबा, काय झालं?’ तिच्याही डोळ्यावर टेप लावून दाखवली. ती म्हणाली तिला दोन्ही वेळा सारखंच दिसतं. चौदा वर्षांच्या डोळ्यांना काय फरक पडणार!

टेप घामाने सुटते, म्हणून मागची खाच काढून डव्हटेलवर बसणारी पीप साइट घेतली. हलकी आहे, बॅटरी नाही, झटक्याने सरकू नये म्हणून मागे अडवणारी खीळ आहे. पुढच्या माशीवर आधीपासून नळकांडं होतं, त्यात रिंग बसते. वीस मीटरला बसून पाच छरे: दोन्ही हातांचे अंगठे जोडले तर झाकले जातील एवढ्यात आले. मे महिन्यात ताटभर पसरायचे. आता रायफल आम्हा दोघांना एकच पुरते, फक्त उंची फिरवून घ्यावी लागते. ती आम्ही साइटच्या स्क्रूची टिकटिक मोजून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवली आहे. डबाही लेन्सवाल्यांनी सांगितला तसाच. काटा काल ४८ वर होता.

एक शंका उरली आहे. पुढच्या रिंगा पाच मापांच्या आल्या. मुलगी सगळ्यात बारीक मागते, म्हणते बारीक म्हणजे नेमकं. तेच बरोबर का?

पीपसाइट ताई, पणजी

नाही, सुरुवातीला उलट करा. काळ्या गोळ्याभोवती पांढरी कड ठसठशीत दिसली पाहिजे. रिंग फार बारीक असली की ती कड लुकलुकते, मूल तिला पकडत बसतं आणि चाप ओढायची वेळ टळते. सध्या मोठी रिंग द्या. दहा मीटरवर बसून सलग दहा छरे काळ्यात आले की एक माप खाली या. आणि दोन नेमांच्या मधे तिला डोळे क्षणभर मिटून मग झाडांकडे बघायला सांगा. कुळागर आहेच, हिरव्याकडे बघून डोळा निवतो.

पाऊस कमी झाला की रविवारी तिला घेऊन या. येताना वाळपईची हीच रायफल आणा, नवी लगेच नको. रायफलीचा दस्ता मुलीच्या हाताला लांब पडतो की नाही ते आधी बघू.

कुळागरकार, वाळपई

येतो. दस्ता लांबच पडतो, आता तुम्ही म्हटल्यावर लक्षात आलं. कोपर बाहेर काढून धरते.